भ मधली फट

पाटीवरचं शेवटचं अक्षर बसवून फिटर शिडीवरून खाली आला, तोच शाळेत निघालेली एक मुलगी वर बघून वाचत गेली, "माऊ हार्डवेअर."

अक्षरकार बाईने डोळे मिटून घेतले. दोन वर्षं खपून तिने अक्षरांचा हा ठळक टाइप घडवला होता. गोल आणि सरळ रेघ, बाकी काही नाही. कुठे नखरा नाही, बारीक-जाड नाही. चौकापलीकडून वाचता यावा असा. त्याची ही पहिलीच पाटी.

"माऊ कसं काय झालं?" धाकटे मालक म्हणाले. "दुकान भाऊंचं आहे."

भाऊ म्हणजे त्यांचे थोरले बंधू. दुकान त्यांनी काढलं, चाळीस वर्षं चालवलं आणि गेल्या वर्षी ते गेले. त्यांच्यासमोर कुणाचा आवाज चढत नसे. गिऱ्हाइकं खिळेसुद्धा दबकत मागायची.

"तुम्ही म्हणालात, अजून ठळक करा," बाई म्हणाली. "मी केलं. परत म्हणालात, अजून. असं आठ वेळा."

"मग? भाऊ दणकट दिसायला नकोत?"

"भ च्या डोक्यावरच्या रेघेत फट असते. ती बुजली की भ चा म होतो. फोनवर सांगितलं, कागदावर काढून दाखवलं. तुम्ही म्हणालात, फट बरी दिसत नाही, भरून टाका, लोक समजून घेतात."

"मला काय कळतं अक्षरातलं? तुम्ही माझं ऐकायचंच नव्हतं."

ऐकलं नसतं तर काम गेलं असतं. ऐकलं, तर अक्कल निघाली. बाई फिटरकडे वळली. "उतरवा तो भ. आत्ताच्या आत्ता फट कापून देते."

बोलणं ऐकून आतून वहिनी बाहेर आल्या, भाऊंच्या पत्नी. दुकानात त्या कमीच यायच्या, बोलायच्या त्याहून कमी.

धाकटे आडवे आले. "वहिनी, तुम्ही वर बघू नका. जरा चूक झालीये."

वहिनींचं वाचून झालं होतं. त्यांनी तोंडावर हात धरला. धाकटे खुर्ची आणायला धावले, पण वहिनी हसत होत्या. हसता हसता त्यांनी शिडीला हात टेकला.

"उद्या उतरवा," त्या फिटरला म्हणाल्या. "आजचा दिवस राहू दे."

"अहो ताई, माझं नाव खराब होईल," बाई कळवळून म्हणाली.

"आणि भाऊंना काय वाटलं असतं, वहिनी?" धाकटे म्हणाले.

वहिनींची नजर पाटीवरून हटली नाही.

"लग्न झाल्यापासून मनात मी हेच म्हणायचे त्यांना," त्या म्हणाल्या. "एवढं मोठ्यांदा म्हणायची छाती झाली नाही कधी."