बुधवारची पाहणी

बेल दाबून चाळीस मिनिटं झाली तरी पोलीस कोठडीचं दार उघडेना.

"सहा वर्षांत असं कधी झालं नव्हतं," क्लाइव म्हणाला. "एरवी आपलं बोट बेलवरून निघायच्या आत दार उघडतात."

"कामात असतील बिचारे," एनिड म्हणाली. कोणाचीही बाजू घ्यायची तिला जुनी खोड होती.

ती गावची निवृत्त नर्स, तो निवृत्त पोस्टमन. महिन्यातून एकदा दोघं हे बिनपगारी काम करत. आधी न कळवता कोठडीवर जायचं, आतल्या माणसांना कसं ठेवलंय ते बघायचं आणि अहवालावर सही करायची. अहवाल जायचा ग्लिनकडे. ग्लिन म्हणजे काउंटीचा पोलीस आयुक्त. गणवेशातला नव्हे, तर पोलिसांवर लक्ष ठेवायला लोकांनी मतं देऊन बसवलेला. शाळेत एनिडने लस टोचली तेव्हा याच ग्लिनने सगळी शाळा डोक्यावर घेतली होती. निवडून आल्यावर पहिल्याच आठवड्यात तो तिच्या दारात हजर झाला. म्हणाला, "आंटी एनिड, कोठडीतले माझे डोळे तू हो." तिला आभाळ ठेंगणं झालं. डोळ्यांत तेल घालून ती हे काम करत आली. सहा वर्षांत एकदाही तिला नाव ठेवायला जागा सापडली नव्हती.

या महिन्यात गुरुवार ठरला होता. पण गुरुवारी क्लाइवला दाढ काढायला जायचं होतं, म्हणून ते बुधवारीच आले.

शेवटी दार उघडलं. पहिल्या खोलीत एक माणूस ओल्या पँटमध्ये कुडकुडत बसला होता. पांघरूण नव्हतं. दुसऱ्या खोलीत एकोणीस-वीस वर्षांची मुलगी भिंतीकडे तोंड करून उभी होती. तिची पाळी आली होती. सकाळपासून ती पॅड मागत होती आणि कोणी लक्ष देत नव्हतं. एनिडने विचारल्यावर ती मान वर न करताच बोलली.

तेवढ्यात सार्जंट बेवन धावत आला. माणूस वाईट नव्हता, पण घाबरला की त्याच्या जिभेला हाड राहत नसे.

"अहो, पण तुमचं उद्या होतं ना?"

एनिड म्हणाली, "आधी त्या पोरीला हवं ते आणून द्या. त्या माणसाला कोरडे कपडे द्या. मग बघू, आज आहे की उद्या."

बेवन पळाला. क्लाइव हळूच म्हणाला, "एनिड, आपण कधी येणार ते मी बायकोलासुद्धा सांगत नाही. तिला सांगितलं तर संध्याकाळपर्यंत गावातल्या मेंढ्यांनाही कळेल."

एनिडने मात्र एका माणसाला सांगितलं होतं. दर महिन्याला चॅपलमधली प्रार्थना संपली की चहाचा कप तिच्या हातात देत ग्लिन विचारायचा, "या महिन्यात कधी, आंटी? तुझं वय झालंय. तू कुठे आहेस ते एकाला तरी माहीत असावं." सख्खा भाचा एवढी चौकशी करत नाही, असं तिला वाटायचं.

ती बाकावर बसली. तिला नेस्टा आठवली.

नेस्टा तिच्यापासून तीन घरं सोडून राहायची. गेल्या वर्षी तिच्या मुलाला, रीसला, दारूच्या भांडणात याच कोठडीत ठेवलं होतं. रात्रभर ओल्या कपड्यांत ठेवलं, दम्याचा पंप मागितला तर हसले, असं तो घरी येऊन सांगत होता. नेस्टा एनिडकडे आली. एनिड म्हणाली, "अगं, मी स्वतः जाते तिथे. पांघरूण, पाणी, औषध, सगळं या डोळ्यांनी बघितलंय. पोरगा थापा मारतोय." नेस्टाने घरी जाऊन रीसला तोंडावर खोटारडा म्हटलं. त्याच दिवशी तो पिशवी भरून निघून गेला. अजून तो आईचा फोन उचलत नाही. एनिडला आपल्या जिभेची किळस आली.

क्लाइवला अहवाल लिहायला बसवून ती तडक ग्लिनच्या कचेरीत गेली. ग्लिनला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. बेवनचा फोन आधीच पोचला होता. त्याने तिच्यासाठी खुर्ची ओढली, चहा ओतला.

"तू त्यांना आधी कळवत होतास," ती म्हणाली.

"आंटी, त्या निमित्ताने महिन्यातून एकदा तरी कोठड्या धुतल्या जात होत्या ना?"

"हसू नकोस. तुला नुसती सहीच हवी होती, तर खोटी सही करणारे पन्नास मिळाले असते. मला कशाला घेतलंस?"

ग्लिनने आपल्या चहात साखर टाकली आणि बराच वेळ ढवळली.

"गेल्या वर्षी नेस्टा आधी माझ्याकडे आली होती," तो म्हणाला. "माझ्या शब्दावर तिचा काडीचाही विश्वास नव्हता. म्हणून मीच तिला म्हटलं, एनिडला जाऊन विचार."