कोपराचा फोटो

“करदोडा सोडा तिचा,” निजामोद्दीन म्हणाला. “सुताचं काय न्हाई, पण चांदीचे मणी फोटोत बराबर उमटतात.”

सगुणाबाईने लेकीच्या कमरेचा करदोडा सोडून मुठीत धरला. चतुरा थंडगार फळीवर उताणी निजली होती. नऊ वर्षांची, अंगाने काटकुळी. सहा महिन्यांपासून उजव्या पायाने लंगडत होती. लेप झाले, शेक झाले, आणि शेवटी आज परतूरहून सकाळची गाडी धरून तिघं जालन्याच्या दवाखान्यात आली होती. इथं हाडांचे फोटो काढायचं यंत्र होतं आणि ते चालवायला निजामोद्दीन.

बाप धर्मराज दारातच उभा होता.

“हलू नको बेटा. दम रोक.”

बाहेर विजेचं इंजिन धडधडलं, आत यंत्र गुणगुणलं. खुब्याचा फोटो झाला.

धर्मराज पोरीला उचलायला पुढे झाला, तेवढ्यात सगुणाबाई म्हणाली, “भाईसाब, हिचा डावा कोपर बी बघा की. करंगळीला मुंग्या येतात म्हनून राह्यली. तीन वर्सांची असताना माळ्यावरून पडून मोडला व्हता.”

पोरीकडे गेलेले धर्मराजचे हात थांबले.

“हाताचं काय काढलंस? पायासाठी आलोत आपन.”

“तुमाला काय ठावं? तुमी तवा हैदराबादेत. मास्तरकडून पत्र लिवलं व्हतं की म्या.”

पत्र आलं होतं. त्यातलं अक्षर न् अक्षर त्याला आठवत होतं.

“आता निजलीच हाय, तर काढतो,” निजामोद्दीन म्हणाला. “जाऊन बसा वसरीवर. सुकायला घंटाभर लागंल.”

ओसरीवर चतुरा आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडली. धर्मराज जरा लांब, खांबाला टेकून बसला. हाड खोटं बोलत नाही, असं गाडीत कुणी तरी म्हणालं होतं. घंटाभरात सगुणाला सगळं कळणार होतं.

तो हैदराबादच्या गिरणीत कामाला गेला तेव्हा चतुरा पाळण्यात होती. तीन वर्षं तिकडंच गेली, एकदाही घरी येणं झालं नाही. मग निरोप आला, मुलखात पटकी पसरलीय, बायको-पोर दोघी आडव्या आहेत. तो धावत आला. परतूरबाहेर छप्पर घातलं होतं, त्यात गावोगावचे रोगी. सगुणा शुद्धीवर नव्हती. तिथल्या माणसाने त्याच्या हातात पांढऱ्या फडक्यातलं गाठोडं दिलं.

“सगुणाबाईची पोर. तोंड उघडू नका, वरून हुकूम हाय.”

ओढ्याकाठी बाभळीखाली त्याने एकट्याने खड्डा खणला. आपल्या लेकराचं तोंडही न बघता माती लोटली.

परत आला तर सगुणाने डोळे उघडले होते. तिने एकच विचारलं, “चतुरा कुठंय?”

कोपऱ्यात एक पोर बसली होती. तेवढ्याच वयाची, डोकं भादरलेली. तिला न्यायला कुणी आलं नव्हतं. धर्मराजने पुढचा-मागचा विचार केला नाही. तिला उचललं आणि सगुणाच्या कुशीत ठेवलं. सगुणाने तिला छातीशी घट्ट धरलं. पोर म्हणाली, “आय.”

ग्लानीत बाईला काय उमजतंय, त्याला वाटलं. आणि भुकेलं लेकरू कुणालाही आय म्हणतं.

घरी आल्यावर पोर सरळ चुलीमागे जाऊन बसली. शेजारच्या सोनूबाईने तोंडावरून हात फिरवला, “किती वाळली गं चतुरा!” धर्मराज मान खाली घालून ऐकत राहिला. हाडाच्या काडीला कोण ओळखतंय?

गिरणीत तो परत गेला नाही. पण त्या दिवसापासून त्याच्या घरात दोन पोरी होत्या. एक जेवायची, दुसरी उंबऱ्याबाहेर उभी राहायची. एक हसली की दुसरीचं रडणं त्याच्या कानात यायचं. चतुराने “बाबा” म्हणून हाक मारली, की ओ देताना जीभ जड व्हायची. त्याने तिला कधी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. पण मांडीवर घेतलं नाही, की कधी डोळे भरून पाहिलंही नाही. दरसाल त्या दिवशी तो ओढ्याकाठी वाटीभर दूध ठेवून यायचा. खत टाकायला गेल्तो, असं घरी सांगायचा.

मोडलेला कोपर तर ओढ्याकाठच्या मातीत होता, या पोरीच्या फोटोत मोड निघायचा नाही. दुसऱ्याच्या तोंडून कळण्यापेक्षा आपणच सांगावं, असं त्याला वाटलं. तो सरकून सगुणाजवळ आला.

“सगुणा, त्या पटकीच्या साली...”

“चतुराचे आई-वडील!” आतून हाक आली.

डॉक्टरीणबाईंनी पहिला फोटो खिडकीच्या उजेडात धरला. “खुब्यातलं हे गोल टोक चपटं व्हायला लागलंय. क्षय नाही, घाबरू नका. पण बरेच महिने या पायावर भार द्यायचा नाही. जमेल?”

“जमंल,” सगुणाबाई म्हणाली. “पाठीवर घिऊन फिरंन मी तिला.”

बाईंनी दुसरा फोटो उचलला. धर्मराजने भिंतीला हात टेकला. त्याने सगुणाकडे शेवटचं बघून घेतलं. यानंतर ती आपलं तोंड बघायची नाही, हे त्याने धरूनच ठेवलं होतं.

“हा कोपर. हा सुटा तुकडा दिसतो? हाड मोडलं तेव्हा तो निखळला, तो पुन्हा जुळलाच नाही. म्हणून हात बाहेर वळलाय आणि शीर ताणली जाते. पाच-सहा वर्षांचा जुना मोड आहे. आई सांगते तसाच.”

“म्या सांगत न्हवते?” सगुणाबाई म्हणाली.

धर्मराज फोटोकडे बघत राहिला. मग त्याने खाली वाकून चतुराचा डावा हात हातात घेतला, कोपरावरून अंगठा फिरवला आणि पहिल्यांदाच तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं.

“मंग,” सगुणासमोरच त्याच्या तोंडून निघून गेलं, “म्या पुरली ती कुणाची पोर?”