बावीस टाचण्या

ड्रायव्हरच्या डोक्यावर, गाडीच्या छताच्या अस्तरात, बावीस टाचण्या होत्या. दोन ओळी, प्रत्येकीत अकरा. दोन टाचण्यांमध्ये सगळीकडे दोन सेंटिमीटर, कुठे एखादा मिलिमीटर इकडेतिकडे. तिने पट्टी लावून पाहिलं होतं. पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत अठरा वर्षं काढल्यावर मोजायची सवय सुटत नाही. बाबांनी तर नोकरीभर नकाशे आखले होते. साधी टाचणीसुद्धा त्यांच्या हातून वाकडी लागत नसे.

मागच्या सीटच्या वर मात्र एकही टाचणी नव्हती. तिथे छताचं अस्तर सुटून पोटासारखं खाली आलं होतं. मागे बसणारी तिची मुलगी त्याला तंबू म्हणायची.

"काका, हे छत आहे की सूचनाफलक?" सीटकव्हरवाला म्हणाला. एकेक टाचणी उपसून तो बाबांनी पुढे धरलेल्या डबीत टाकत होता.

बाबा हसले नाहीत. टाचण्या नसत्या तर अस्तर केव्हाच डोळ्यांवर आलं असतं, असं त्यांनी त्याला सुनावलं. मग गोंद कुठला वापरणार, ते विचारलं. चौथ्यांदा.

दोन दिवसांचं काम होतं आणि आज नववा दिवस होता. आधी कापड आलं नव्हतं. आलं तर बाबांनी ते उन्हात नेऊन धरलं आणि निळसर आहे म्हणून परत केलं. दुसरं पिवळट निघालं. सीटकव्हरवाल्याने मुकाट्याने पहिलंच कापड पुन्हा आणून दाखवलं, आणि ते बाबांना पसंत पडलं. या सगळ्यात तिच्या तीन अर्ध्या रजा गेल्या होत्या. ती स्टुलावर बसून होती. काही बोललं तर भांडण होईल, म्हणून गप्प होती.

खरं तर बोलायचं दुसरंच होतं. दर शनिवारी बाबा नातीला पोहायला न्यायचे. तीन महिन्यांपूर्वी मुलीने घरात पाऊल टाकताच सांगितलं, "आई, आजोबांनी आज लाल सिग्नल तोडला." पुढच्या महिन्यात पुन्हा तेच झालं. दोन्ही वेळा बाबा म्हणाले, अस्तर आडवं आलं. तिने डोळे तपासायचा विषय काढला, तेव्हा ते तरातरा चष्म्याच्या दुकानात गेले, भिंतीवरचा तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचून आले आणि आठवडाभर तिला ऐकवत राहिले.

बाबा, आता गाडी तुम्ही चालवायची नाही. एवढंच वाक्य. भांडी लावताना, कपड्यांच्या घड्या घालताना तिने ते पाठ केलं होतं. बाबा समोर आले की तोंडातून वेगळंच निघायचं. आधी अस्तर करून घेऊ, मग बघू.

सीटकव्हरवाल्याने छताचा पुठ्ठा डिकीतून बाहेर ओढला आणि दोन स्टुलांवर पालथा टाकला. जुनं कापड सोलताच फोमचा नारिंगी भुगा त्याच्या पायांवर पडला. ब्रशने घासत घासत तो पुढच्या टोकाला आला आणि थांबला.

"ताई, गंमत बघा. मागे फोमचं पीठ झालंय. पण पुढे, टाचण्या होत्या तिथे, कापड मूळच्या गोंदाला घट्ट चिकटलेलं आहे. पत्र्याने खरवडावं लागतंय."

आता मात्र तिला राहवलं नाही. मागे पोरीच्या डोक्यावर कापड लोंबतंय आणि तुम्ही टाचण्या पुढे लावत बसलात, असं ती बाबांना म्हणाली. जरा जोरातच म्हणाली.

"पुढेच लोंबत होतं," बाबा म्हणाले. "गाडी मी चालवतो. तू नाही."

सीटकव्हरवाल्याने पुठ्ठ्याला आणि कापडाला गोंद मारला. बोटाला चिकटेनासा होईपर्यंत वाट पाहायची होती. बाबांनी तेवढा वेळ घड्याळ धरलं. मग मधून कडेकडे तळहात फिरवत त्याने कापड बसवलं. एक सुरकुती नाही. पुठ्ठा परत आत गेला, छतातला दिवा जागेवर बसला, कडा बसल्या. ते नीट झालंय, हे तिलाही कबूल करावं लागलं.

बाबा ड्रायव्हरच्या सीटवर बसले. ती शेजारी बसली. बाबांनी समोर पाहिलं आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"पुढे अजून लोंबतंय."

सीटकव्हरवाल्याने हातातलं फडकं बोनेटवर आपटलं. "काका, कुठे? हात लावून दाखवा."

तिने पर्समधून स्टीलची पट्टी काढली आणि बाबांच्या डोक्यावर आडवी धरली. पट्टी आणि कापड यांच्यात कागदसुद्धा शिरला नसता. बाबांनी हात वर नेला. बोटं टेकली ती घट्ट, सपाट छताला. हात तिथेच राहिला. त्यांनी एक डोळा मिटला. उघडला. दुसरा मिटला.

"म्हणजे कापड नव्हतंच ते. डोळ्यांनाच वरचं दिसत नाहीये," ते हळूच म्हणाले.

सीटकव्हरवाला फडकं उचलून आत निघून गेला. बाबांनी शर्टाच्या खिशातून टाचण्यांची डबी काढली आणि डॅशबोर्डवर ठेवली. तीन महिने पाठ केलेलं वाक्य तिच्या ओठांवर आलं. पण तिने तोंड उघडायच्या आत बाबांनी किल्ली काढून तिच्या मांडीवर ठेवली.

"तू ये या बाजूला. यापुढे गाडी तू चालव."