अकरा हजार फुटांवर

“त्या वेळी नाशिकच्या आकाशात दुसरं विमानच नव्हतं, कॅप्टन.” चौकशी समितीच्या करंदीकरांनी फाइल मिटली. “मुंबईच्या रडारवर नाही, कुणाच्या डोळ्यांना नाही. मग तुम्ही कुणाला चुकवायला वर उसळलात?”

“माझ्या यंत्राने सांगितलं, समोर विमान आहे, वर जा. मी गेलो.”

“आणि तुमच्या हवाई सुंदरीच्या मांडीचं हाड मोडलं. हे बघा, ‘मला भास झाला’ एवढं लिहून द्या. सहा महिने घरी बसाल, पण लायसन वाचेल.”

“नाही लिहिणार,” कॅप्टन सुनील बोरस्ते म्हणाले. “उद्या यंत्र पुन्हा म्हणालं वर जा, तर पुन्हा जाईन. इशारा खरा की खोटा हे ठरवायला मला पंचवीस सेकंदही नव्हते, साहेब. तुम्हाला महिना मिळाला, तरी सापडलं नाही.”

चौकशी समितीचा लेखनिक खाली मान घालून हसला. करंदीकर हसले नाहीत.

दिंडोरी रोडवरच्या या छोट्या वर्कशॉपात विमानांची यंत्रं दुरुस्तीला येत. कॅप्टनना इशारा मिळाला ती जागा बरोबर याच छपराच्या वर, आकाशात होती, म्हणून त्यांच्या हट्टाखातर समिती इथवर आली होती. सुवर्णा भिंतीला टेकून उभी होती. बीएस्सी होऊन ती इथे लागली, त्याला दोन वर्षं झाली होती. सकाळीच मालकांनी, खैरनारांनी, तिला बाजूला घेतलं होतं. “विचारलं तर त्या दिवशी यंत्र बंद होतं म्हण. बारा घरांच्या चुली या शेडवर पेटतात. तुझी धरून.”

आता खैरनारांनी रजिस्टर पुढे सरकवलं. “त्या दिवशी आमच्याकडे एकही तपासणी नाही, साहेब. खंडेनवमी होती. बघा, पान कोरं.”

पान खरंच कोरं होतं.

करंदीकर उठून सुवर्णाच्या टेबलापाशी आले. “आणि ही डबी काय करते?”

“ही विमानात असते, सर. दुसऱ्या विमानाच्या यंत्राने रेडिओवर विचारलं, की ही आपली उंची सांगते. इथे आम्ही पंपाने हवा ओढतो. हवा विरळ झाली की हिला वाटतं, आपण आभाळात आहोत. मग ही तसंच सांगते.”

“आणि ते वरच्या विमानाने ऐकलं तर?”

“ऐकू जात नाही,” खैरनार मधेच म्हणाले. “अँटेनावर हे जाड झाकण असतं. कायम.”

करंदीकरांनी झाकणावर बोट वाजवलं आणि मान डोलावली. लेखनिकाने पेनाला टोपण लावलं.

“सर,” सुवर्णाने कॅप्टनना विचारलं, “ते विमान यंत्रावर किती उंचीवर दिसलं होतं?”

“सुवर्णा, चहाचं बघ जरा,” खैरनार म्हणाले.

“अकरा हजार,” कॅप्टन म्हणाले. “मुंबईसाठी उतरताना मीही तिथेच होतो. ते शंभर फूटही वरखाली होत नव्हतं. कुणी खिळा ठोकून टांगल्यासारखं.”

सुवर्णा चहाकडे गेली नाही. टेबलापाशी आली आणि तिने झाकण उचललं.

आत, अँटेनाच्या टोकावर, हळदीकुंकू वाळून चिकटलेलं होतं.

“हे काय?” करंदीकरांनी विचारलं.

उत्तर दारातून आलं. तीस वर्षं पाना धरलेले सावळीराममामा चहाचा ट्रे घेऊन उभे होते. “कुंकू हाय, साहेब. देवाला टोपीवरून कोण कुंकू लावतं? झाकण काढूनच लावायचं. अन् यंत्र चालू पायजे. मेलेल्या यंत्राची पूजा नसती करत.”

खैरनारांनी डोळे मिटून घेतले.

करंदीकर अँटेनावर वाकले. “ठीक आहे. चालू होतं, उघडं होतं. तरी डबी जमिनीवरच होती ना? ती जमिनीचीच उंची सांगणार. अकरा हजार कुठून आले?”

“तेच म्हणतो मी,” खैरनार घाईने म्हणाले. मग आवाज उतरवून, “सुवर्णा, त्या टेबलाची जबाबदारी तुझी आहे. नीट विचार कर.”

“केला, सर.”

करंदीकरांच्या रिकाम्या खुर्चीमागे भिंतीवर यंदाच्या खंडेनवमीचा फोटो लटकत होता. दर वर्षी काढतात तसाच. सुवर्णाने तो खिळ्यावरून उतरवला आणि त्यांच्या हातात दिला. मामा आरती ओवाळताहेत. डबीला झेंडूचा गच्च हार. लाल दिवा पेटलेला. कोपऱ्यात कॅमेऱ्याने छापलेली नारिंगी वेळ, नऊ बेचाळीस. कॅप्टन वाकून बघत होते. त्यांनी आपल्या अहवालावरच्या वेळेवर बोट ठेवलं. नऊ बेचाळीस.

फोटोत पंपाच्या तबकडीवरचा उंचीचा काटा अकरा हजारांवर होता.

“अकरा शुभ,” मामा पुटपुटले. “आपण नारळसुद्धा अकराच फोडतो.”

फोटोच्या कडेला पंपाच्या बटणावर एक हात होता. चेहरा चौकटीबाहेर राहिला होता. मनगटावर काळ्या पट्ट्याचं घड्याळ.

“हा हात कुणाचा?” करंदीकरांनी विचारलं.

सुवर्णाने बाही मागे सारली आणि काळ्या पट्ट्याचं घड्याळ फोटोशेजारी टेकवलं.

“लिहून घ्या, साहेब. आकाशात विमान होतं. झेंडूचा हार घातलेलं. ते मी उडवत होते.”