आवाज गेला कुठे?

कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावूनच दिगंबरराव लॅपटॉपसमोर बसत. आपलं सगळं कुणीतरी चोरून ऐकतं, या संशयापायी त्यांनी परवा स्वतःच्या हाताने विंडोज काढून लिनक्स टाकलं आणि लॅपटॉपची वाचाच गेली.

फोरमवरच्या कुणा अनोळखी माणसाने चार कमांड लिहून दिल्या. आणि त्याही फुकट? प्रत्येक ओळ तीनदा वाचून त्यांनी टाइप केली. साउंड ड्रायव्हर बसला म्हणे. आवाज मात्र नाहीच. तपासायला एकच फाइल होती. दोन वर्षं जिच्याशी बोलणं टाकलं, त्या लेकीचा मेलवर आलेला, तिच्या आवाजातला निरोप. निव्वळ तपासणी म्हणून, दार लावून, त्यांनी तो पुन्हा पुन्हा वाजवला.

स्वयंपाकघरातली भांडीही मघापासून गप्प होती. बायकोनेच भलतं बटण दाबलं असणार, असं म्हणत ते तरातरा आत गेले.

लाटणं हातात तसंच धरून ती तिच्या भजनांच्या ब्लूटूथ स्पीकरसमोर उभी होती.

“अहो, लॅपटॉपचा सगळा आवाज इथे येतोय. अकरा वेळा ऐकलं मी,” ती म्हणाली. “रविवारी येऊ का, विचारतेय ती.”

दिगंबरराव लॅपटॉप उचलून ओट्यापाशी घेऊन आले.

“मी एकदाही नाही ऐकलं,” ते म्हणाले.