विहिरीवरची मोटर

मयुरा मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये लॅपटॉपवर कंटेनर तयार करत होती. कंटेनर म्हणजे लॅपटॉपच्याच आत, बंद डब्यासारखा चालणारा सर्व्हर. बाबांच्या नरखेडकडच्या संत्र्याच्या बागेतल्या विहिरीवरची मोटर त्यावरून घरबसल्या चालू-बंद करता येणार होती. पण मोटरला जोडायचं यंत्र अजून तिच्या टेबलावर, खोक्यातच होतं. वायफायही तिने बंद ठेवलं होतं.

कंटेनर सुरू झाला आणि मोटरच्या बटणाचं वेबपान उघडलं. तिने सहज ‘चालू’ दाबलं.

लगेच बाबांचा फोन आला. “मोटर आपोआप कशी चालू झाली वं?”

“मले काय माहीत, बाबा? मी इथं नुसती चाचणी करून राहिली,” ती हसली आणि तिने ‘बंद’ दाबलं.

“झाली बंद,” बाबा गोंधळून म्हणाले. “जाऊ दे. आयुष आता गाळ काढाले विहिरीत उतरते.”

आयुष तिचा धाकटा भाऊ. मोटर पाण्यातच सोडलेली होती. ती चालू असताना पाण्यात करंट उतरला तर?

फोन चालू ठेवूनच मयुराने कंटेनर थांबवला आणि पुसूनही टाकला. आता लॅपटॉपवर सर्व्हरच उरला नव्हता. खात्रीसाठी तिने पान पुन्हा उघडायला घेतलं. ते आता उघडणं शक्यच नव्हतं.

ते उघडलं. बटण ‘चालू’वर होतं.

“बाबा, फ्यूज काढा! आधी फ्यूज काढा!”

“फ्यूज काढल्याबिगर मी त्याले उतरू देईन काय वं? मोटर बंद झाल्याबरोबर काढला, मंगच तो उतरला. हा काय, माह्या खिशात हाये.”

त्यांच्या आवाजामागे मोटर चालत होती.