नंबर घालायचा पेन

इस्त्रीच्या टेबलावर कॉलेजचा फॉर्म कोरा करकरीत पडला होता, आणि आई त्याच्याकडे गिऱ्हाइकाचा शर्ट जळल्यासारखी बघत होती.

पोरगी तोंड धुऊन आली ती दारातच थबकली. पाच मिनिटांपूर्वी तोच फॉर्म गच्च भरलेला होता.

"मी नुसत्या चुण्या काढल्या गं," आई म्हणाली. "इस्त्री मंद ठेवली, वर सुती कापडही टाकलं. म्हटलं, साहेबांच्या हातात चुरगळलेला नको जायला."

फॉर्मच्या माथ्यावर छापलं होतं: खाडाखोड केलेला अर्ज बाद. दुसरी प्रत मिळणार नाही. म्हणून तर पोरीने मैत्रिणीकडून खोडता येणारा पेन मागून आणला होता. त्याच्या बुडाशी असलेल्या रबराने घासलं की शाई तापून उडून जायची. घासून घासून कागदाची पार रया गेली होती. सगळ्यात जास्त घासली होती ती 'पालकाचा व्यवसाय' ही चौकट. आधी तिथे 'खाजगी नोकरी' होतं, मग 'वस्त्रसेवा', शेवटी 'उद्योजक'. उद्योजक लिहिताना तिचं तिलाच हसू आलं होतं, तरी तिने तोच ठेवला होता.

आता इस्त्रीच्या एका हातासरशी सगळं उडालं होतं. उद्योजकसुद्धा.

तळाशी मात्र आईची सही जशीच्या तशी होती. काळी, जाड, जरा वर चढत गेलेली.

"ही बरी राहिली?"

"ती मी माझ्या पेनने केली होती." आईने टेबलाच्या पायाला दोरीने बांधलेला पेन दाखवला. गिऱ्हाइकांच्या कपड्यांवर नंबर घालायचा. "ह्याचं लिहिलेलं कशाने जात नाही. धुण्याने नाही, इस्त्रीने नाही."

घड्याळात सव्वातीन झाले होते. कॉलेजची खिडकी पाचला बंद, चालत अर्धा तास, आणि आज शेवटची तारीख.

पोरीने स्टूल ओढलं. पेनची दोरी आखूड होती, म्हणून पोरगी टेबलावर जवळजवळ आडवीच झाली.

"चुकलीस तर?" आईने विचारलं.

"चुकायला काही शिल्लक ठेवलंय का मी? सगळं पाठ आहे."

नाव, जन्मतारीख, मार्क भराभर उतरले. मग पेन थांबला. आई उगाचच घडी घातलेल्या चादरीची पुन्हा घडी घालू लागली.

पोरीने चौकटीत लिहिलं: इस्त्री करणे.

पेनला टोपण लावलं, फॉर्मवर सुती कापड पसरलं आणि इस्त्री आईच्या पुढ्यात सरकवली.

"आता फिरव."